नवं सॉफ्टवेअर न घालता: विंडोजमधल्याच साधनांवर छोट्या ऑफिसचं रोजचं काम

कर सल्लागार असो, वकील असो, गृहनिर्माण सोसायटी असो की शाळेचं कार्यालय, संगणकावरचं काम थोड्याफार फरकाने सारखंच असतं. कागद येतो, त्याला नाव पडतं, त्यातली माहिती दुसरीकडे भरली जाते, मराठीत पत्र टाइप होतं, त्याची पीडीएफ होऊन ती जाते आणि प्रत जपली जाते. यातल्या प्रत्येक पायरीला लागणारं साधन विंडोज ११ मध्ये आधीपासून आहे. वेळ खातो तो माऊस आणि मेनू यांच्यामधला प्रवास, आणि "ती फाइल कुठे ठेवली?" हा प्रश्न.

पुढचं बहुतेक सगळं विंडोज १० वरही चालतं. पण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे ऑफिसचा संगणक अजून त्यावर असेल तर ती गोष्ट आधी मार्गी लावा. बटणांच्या जोड्या लिहिताना "विंडोज-व्ही" म्हणजे विंडोजचं बटण दाबून धरायचं आणि व्ही दाबायचं. सगळ्या जोड्या एकदम पाठ करायच्या भानगडीत पडू नका. आठवड्याला दोन हाताला बसल्या तरी पुष्कळ.

फाइल आली की आधी नाव

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल तारीख-वेळेचं लांबलचक नाव घेऊन येते, स्कॅनर "स्कॅन ००१" असं काहीतरी देतो, आणि सगळं डाउनलोड्समध्ये साचतं. यावर सर्वात स्वस्त उपाय ब्राउझरमध्येच आहे. एजच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोड्स या पानावर "प्रत्येक डाउनलोडच्या वेळी विचारा" अशा अर्थाचा पर्याय चालू करा. मग "सेव्ह अ‍ॅज" निवडून त्याच क्षणी नाव आणि जागा दोन्ही देता येतात. पाच सेकंद जास्त लागतात, पण संध्याकाळची आवराआवर वाचते.

नावात आधी तारीख, मग पक्षकार, मग कागद: 2025-07-31 पाटील सातबारा. वर्ष, महिना, दिवस हा क्रम ठेवला की नावानुसार लावलेली यादी आपोआप तारखेनुसार लागते. दिवस आधी लिहिला तर १ जानेवारी आणि १ फेब्रुवारी शेजारी येऊन बसतात. अंक नेहमी इंग्रजी कीबोर्डवरून टाका. एका फोल्डरमध्ये दोन्ही प्रकारचे अंक आले की शोधताना कोणते वापरले होते ते आठवत बसावं लागतं.

फाइलच्या नावात तिरकी रेघ, उलटी तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरण, उभी रेघ आणि कोनाकृती कंस चालत नाहीत. म्हणून "७/१२" असं नाव विंडोज घेतच नाही. सातबारा अक्षरी लिहा आणि तारखेत आडवी रेघ वापरा.

नाव बदलायला एफ-२. फक्त नावाचा भाग निवडला जातो, शेवटचं पीडीएफ किंवा जेपीजी तसंच राहतं, त्याला हात लावू नका. नाव टाइप करून एंटरऐवजी टॅब दाबलं तर पुढच्या फाइलचं नाव लगेच उघडतं. दहा फाइलींची नावं माऊसला न शिवता बदलून होतात. एकाच पक्षकाराची वीस पानं असतील तर सगळी निवडून एफ-२ दाबा, एकदाच नाव लिहा आणि एंटर करा, पुढे कंसात एक, दोन, तीन असे आकडे पडतात. चुकलं तर कंट्रोल-झेड.

फोल्डर तीन पातळ्यांपेक्षा खोल नेऊ नका: आर्थिक वर्ष, त्यात पक्षकार, त्यात कागदाचा प्रकार. यामागे टापटिपीपेक्षा मोठं कारण आहे. पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंत सगळं मिळून, साधारण २६० अक्षरांत बसावा ही विंडोजची जुनी मर्यादा अनेक प्रोग्राम अजून पाळतात. मराठीत काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "पुष्पांजली" डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, विंडोजला दहा. खोल फोल्डर आणि लांब मराठी नावं एकत्र आली की फाइल कॉपी करताना "नाव फार लांब आहे" असा अडथळा येतो. तो नेमका तेव्हाच येतो जेव्हा पेनड्राइव्ह घेणारा माणूस समोर उभा असतो.

रोजचे चार-पाच फोल्डर फाइल एक्सप्लोररच्या डाव्या बाजूला पिन करा (फोल्डरवर उजवी क्लिक, "पिन टू क्विक अ‍ॅक्सेस"). विंडोज-ई ने एक्सप्लोरर उघडतो, कंट्रोल-टी ने त्याच खिडकीत नवा टॅब, कंट्रोल-शिफ्ट-एन ने नवा फोल्डर, ऑल्ट आणि वरचा बाण दाबला की एक पायरी वर. ऑल्ट-पी ने उजवीकडे फाइलची झलक दिसते, त्यामुळे स्कॅन केलेली पानं एकेक उघडून बघावी लागत नाहीत.

हटवण्याबद्दल एक सावधगिरी. पेनड्राइव्हवरची फाइल हटवली की ती रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जाते. शिफ्ट-डिलीटचंही तेच. आणि सेटिंग्जमधल्या स्टोरेज सेन्समध्ये डाउनलोड्स फोल्डर आपोआप साफ करण्याचा पर्याय आहे. तो मुळात बंद असतो, तसाच राहू द्या. कोणी उत्साहाने ३० दिवसांवर ठेवला, तर महिनाभर न उघडलेला एखादा फॉर्म १६ गुपचूप नाहीसा होईल.

क्लिपबोर्ड: पंचवीस गोष्टी लक्षात ठेवणारा

सगळ्या साधनांत कमी कष्टात जास्त फायदा याचा. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटपासून तो आहे, तरी बहुतेक ऑफिसांत बंदच असतो. विंडोज-व्ही दाबा, पहिल्या वेळी "टर्न ऑन" असं बटण येईल, ते दाबा. तिथून पुढे कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टींची यादी हाताशी राहते.

फॉर्म भरताना खरा फरक कळतो. नेहमीची पद्धत: पॅन कॉपी, खिडकी बदला, पेस्ट, परत या, जीएसटी क्रमांक कॉपी, खिडकी बदला. त्याऐवजी कागदावरून नाव, पॅन, जीएसटी क्रमांक, खाते क्रमांक, आयएफएससी असं सगळं एका दमात कॉपी करा, मग फॉर्मच्या खिडकीत जाऊन विंडोज-व्ही आणि खालच्या बाणाने एकेक निवडून एंटर. दहा वेळा खिडकी बदलायची ती एकदाच बदलते. पेस्ट केल्यावर लांबी मोजायची सवय मात्र ठेवा: पॅन १०, आयएफएससी ११, जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा. कॉपी करताना शेवटचं अक्षर सुटणं किंवा पुढे मोकळी जागा चिकटणं ही फॉर्म नाकारला जाण्याची नेहमीची कारणं आहेत.

वारंवार लागणारा मजकूर पिन करा: ऑफिसचा पत्ता, नोंदणी क्रमांक, स्वतःचा जीएसटी क्रमांक, "आपल्या दिनांक … च्या पत्रास अनुसरून" अशी ठरीव वाक्यं. संगणक बंद करून सुरू केला की बाकीची यादी पुसली जाते, पिन केलेलं राहतं.

काही गोष्टी यात बसत नाहीत. एक्सप्लोररमध्ये कॉपी केलेल्या फाइली या यादीत येत नाहीत, फक्त मजकूर आणि चित्रं येतात. ४ एमबीपेक्षा मोठं चित्रही ठेवलं जात नाही. वेबसाइटवरून कॉपी केलेला मजकूर रंग-फाँटसकट चिकटत असेल तर ब्राउझरमधल्या जीमेलसारख्या ठिकाणी कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबा, म्हणजे नुसता मजकूर येतो. जिथे हे चालत नाही तिथे आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करून परत कॉपी करणं हा जुना उपाय अजूनही खणखणीत आहे.

आणि धोका: नोटपॅडमधून किंवा वहीवजा फाइलमधून कॉपी केलेला पासवर्डही त्या २५ मध्ये उघड दिसत राहतो. संगणकावर दोघे-तिघे बसत असतील तर दिवस संपताना विंडोज-व्ही उघडून "क्लिअर ऑल" करा. पासवर्ड किंवा पक्षकाराचा आधार क्रमांक कधीही पिन करू नका. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे क्लिपबोर्ड या पानावर इतर उपकरणांशी जुळवण्याचा पर्याय आहे, तोही ऑफिसात बंदच बरा. जागेवरून उठताना विंडोज-एल.

दोन खिडक्या शेजारी, बाकीच्या पडद्याआड

डावीकडे कागद, उजवीकडे फॉर्म. विंडोज आणि डावा बाण दाबला की खिडकी अर्ध्या पडद्यावर बसते, उरलेल्या अर्ध्यात कोणती हवी ते विंडोज विचारतं. विंडोज ११ मध्ये विंडोज-झेडने मांडण्यांचे नमुने दिसतात. १३६६ बाय ७६८ चा लॅपटॉप असेल तर तिथे तीन खिडक्यांचा नमुना दिसणार नाही, त्याला रुंद पडदा लागतो. अशा पडद्यावर दोनच खिडक्या ठेवा. काही जुने प्रोग्राम अर्ध्या रुंदीत मावत नाहीत आणि शेजारच्या खिडकीवर चढतात. दोष तुमचा नाही, तो प्रोग्राम पूर्ण पडद्यावरच ठेवा आणि ऑल्ट-टॅबने ये-जा करा.

विंडोज-कंट्रोल-डी ने नवा डेस्कटॉप तयार होतो, विंडोज-कंट्रोल आणि डावा-उजवा बाण दाबून एकाहून दुसऱ्यावर जाता येतं. एका डेस्कटॉपवर चालू काम, दुसऱ्यावर ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप, एवढीच विभागणी पुरते. चार-पाच डेस्कटॉप केले की कोणती खिडकी कुठे आहे ते शोधण्यातच वेळ जातो. संगणक पुन्हा सुरू केल्यावर डेस्कटॉप राहतात, पण त्यांवरच्या खिडक्या आपोआप परत उघडत नाहीत.

टास्कबारवर पिन केलेल्या पहिल्या नऊ प्रोग्रामना विंडोज-१ पासून विंडोज-९ पर्यंत बटणं आपोआप मिळतात. म्हणून पिनचा क्रम वापरानुसार लावा आणि मग तो बदलू नका. क्रम बदलला की हाताची सवय मोडते.

पडद्याचा तुकडा कापायला विंडोज-शिफ्ट-एस. पोर्टलवरची चूक दाखवायची असेल तर पूर्ण पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवण्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ दिसतं. उघडलेला मेनू टिपायचा असेल आणि तो क्लिक करताच मिटत असेल तर स्निपिंग टूल उघडून तीन, पाच किंवा दहा सेकंदांचा विलंब लावा. खासगी आकडे झाकताना हायलायटर वापरू नका, त्याखालचं वाचता येतं. भरीव चौकोन काढा किंवा तो भाग येणार नाही असाच तुकडा कापा. २०२३ च्या मार्चमध्ये या साधनातली एक त्रुटी उघड झाली होती: कापलेलं चित्र मूळ फाइलवरच सेव्ह केलं तर छाटलेला भाग फाइलमध्ये लपून राहत होता. ती दुरुस्त झाली आहे, पण अपडेट न केलेल्या संगणकावर काढलेली जुनी चित्रं पुढे पाठवण्याआधी विचार करा.

मराठी टाइपिंग

सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रिजन असं जा, "अ‍ॅड अ लँग्वेज" मधून मराठी घ्या. मग मराठीच्या ओळीवरच्या तीन टिंबांतून भाषेचे पर्याय उघडा आणि कीबोर्ड जोडा. दोन मुख्य निवडी मिळतात. इनस्क्रिप्ट हा नुसता "मराठी" नावाने दिसतो. दुसरा मराठी फोनेटिक, जो मे २०१९ च्या अपडेटपासून आला. त्यात रोमन अक्षरांत टाइप केलं की मराठी शब्द सुचवले जातात. अदलाबदल विंडोज-स्पेसने.

कोणता घ्यावा? दिवसाला एखादी नोटीस लिहिणाऱ्याला फोनेटिक पुरेसा. रोज पानंच्या पानं टाइप करणाऱ्याने महिनाभर सोसून इनस्क्रिप्ट शिकावा. फोनेटिकमध्ये दर शब्दाला सुचवण्यांकडे नजर जाते आणि आडनावं, गावांची नावं हमखास चुकतात. इनस्क्रिप्टमध्ये जे दाबलं तेच उमटतं. त्याची रचनाही तर्काने लक्षात राहते: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, महाप्राण बहुतेक वेळा अल्पप्राणाच्याच बटणावर शिफ्टसह. हलन्त डी वर आहे. "दुसऱ्या", "वाऱ्यावर" मधला अर्धा र अनेकांना सापडत नाही आणि मग "दुसर्‍या" चं "दुसर्या" होतं. त्यासाठी शिफ्ट-जे, मग डी, मग य चं बटण.

भाषा सतत बदलावी लागण्याचा जाच एका सेटिंगने जातो. टाइम अँड लँग्वेजमध्ये टायपिंग, तिथे अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, आणि "प्रत्येक खिडकीसाठी वेगळी टायपिंगपद्धत" या अर्थाच्या चौकोनात खूण. मग पत्राची खिडकी मराठीत राहते आणि ब्राउझर इंग्रजीत. पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा दाखवतोय? टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात भाषा कोणती आहे ते आधी पाहा.

जुनी पत्रं उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसत असेल तर ती बहुधा कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. त्या पद्धतीत फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट फक्त त्यांना देवनागरी आकार देतो. म्हणून फाँट बदलून युनिकोड (म्हणजे देवनागरी अक्षरंच साठवणारी पद्धत) होत नाही, मजकूर रूपांतरित करावा लागतो किंवा पुन्हा टाइप करावा लागतो. नवीन सगळं काम निर्मला किंवा मंगलसारख्या युनिकोड फाँटमध्ये करा. निर्मला विंडोजमध्ये असतोच. मंगल दिसत नसेल तर सेटिंग्जमधल्या पर्यायी सुविधांत देवनागरीचे पूरक फाँट मिळतात.

पीडीएफ, आणि दहा फोटोंची एक फाइल

छापण्याची आज्ञा जिथे आहे तिथून पीडीएफ होते: कंट्रोल-पी, प्रिंटरच्या यादीत "मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ". अशा पीडीएफमधून मराठी मजकूर परत कॉपी केला तर काना-मात्रा बऱ्याचदा विस्कटतात, म्हणून मूळ फाइल कधीही टाकून देऊ नका.

मोबाइलवर काढलेल्या कागदांच्या फोटोंची एकच पीडीएफ हवी असते, आणि इथेच लोक अनोळखी वेबसाइटवर लोकांचे आधार कार्ड चढवतात. तशी गरज नाही. फोटोंना ०१, ०२, ०३ अशी नावं द्या, सगळे निवडा, पहिल्या फोटोवर उजवी क्लिक करा (पानांचा क्रम तिथून सुरू होतो) आणि "प्रिंट" घ्या. प्रिंटर पीडीएफचा, कागद ए-४, मांडणी पूर्ण पानाची. खाली "फिट पिक्चर टू फ्रेम" ही खूण आधीच असते, ती काढा. ती ठेवली तर चित्र पान भरण्यासाठी ताणलं जातं आणि कडा कापल्या जातात. सातबाऱ्याचा शेवटचा रकाना किंवा कागदाच्या कडेचा शिक्का असाच गायब होतो. १५ पेक्षा जास्त फाइली निवडल्या तर उजव्या क्लिकमध्ये "प्रिंट" दिसतच नाही, तेव्हा दोन भाग करा.

किरकोळ, पण रोज नडणारं

भलत्याच प्रिंटरवर कागद जात असतील तर सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स या पानावर "मुख्य प्रिंटर विंडोजला ठरवू द्या" हा पर्याय बंद करा. तो चालू असताना शेवटचा वापरलेला प्रिंटर मुख्य होतो, म्हणजे एकदा पीडीएफ केली की पुढचं पत्रही पीडीएफकडेच वळतं.

संगणक सुरू व्हायला फार वेळ घेत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, स्टार्टअपचा टॅब, आणि नको ते प्रोग्राम "डिसेबल". अँटिव्हायरसला आणि डिजिटल सहीच्या टोकनच्या प्रोग्रामला हात लावू नका.

फोनवर आलेले निरोप लिहायला नोटपॅड. एफ-५ दाबलं की तारीख आणि वेळ आपोआप पडते. विंडोज ११ चा नोटपॅड सेव्ह न केलेले टॅबही लक्षात ठेवतो. त्यावर विसंबू नका, कारण त्या टॅबची तुमच्या फोल्डरमध्ये फाइलच नसते आणि म्हणून प्रतही निघत नाही.

प्रत

वनड्राइव्ह म्हणजे प्रत, हा गैरसमज महागात पडतो. ते जुळवणीचं साधन आहे: संगणकावर फाइल हटवली की ती तिथूनही हटते, आणि तिथल्या रिसायकल बिनमध्ये काही काळच राहते. मोफत जागा ५ जीबी, ती भरली की जुळवणी थांबते आणि इशारा कोपऱ्यात पडून राहतो.

त्यासाठी फाइल हिस्टरी. बाहेरची हार्ड डिस्क जोडा, कंट्रोल पॅनेल उघडा, सिस्टिम अँड सिक्युरिटी, फाइल हिस्टरी, "टर्न ऑन". मूळ सेटिंगनुसार दर तासाला बदललेल्या फाइलींची नवी आवृत्ती साठवली जाते, त्यामुळे दुपारी चुकून ओव्हरराइट केलेलं पत्र सकाळच्या रूपात परत मिळतं. यात डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स असे ठरलेलेच फोल्डर येतात. ऑफिसची कागदपत्रं डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये असतील (आपल्याकडे बहुतेकांची तिथेच असतात) तर त्यांची प्रत निघतच नाही. त्या फोल्डरवर उजवी क्लिक, "शो मोअर ऑप्शन्स", "इन्क्लूड इन लायब्ररी", डॉक्युमेंट्स. डिस्क कामाच्या वेळेत जोडलेली ठेवा आणि संध्याकाळी काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसच्याही हाती लागते.

महिन्यातून एकदा परीक्षा घ्या. एखाद्या फाइलवर उजवी क्लिक, "शो मोअर ऑप्शन्स", "रिस्टोअर प्रीव्हियस व्हर्जन्स", आणि गेल्या आठवड्याची आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणा, मूळ फाइलवर नको. उघडली आणि मजकूर बरोबर असला तर डिस्क ठीक आहे. यादी रिकामी दिसली तर बहुतेक वेळा दोनच कारणं असतात: डिस्क बरेच दिवस जोडलेलीच नाही, किंवा तो फोल्डर लायब्ररीत घ्यायचा राहून गेला आहे.